साखळी तोडली, पण कागद कुणी केला?

सिंहगड रस्ता, पुणे
२२ जुलै २०२५

गच्चीवर साखळीने बांधलेल्या काळू या कुत्र्याला सोडवायला धावलेल्या आणि आता एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या दोन्ही ग्रुपमधल्या प्राणिमित्रांना,

नमस्कार.

११ मेच्या रात्री काळूला सोडवतानाच्या, सगळीकडे फिरलेल्या त्या व्हिडिओत टॉर्च धरलेला एक हात दिसतो. हिरव्या बांगड्या आणि मनगटावर जुनं घड्याळ. तो हात माझा. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी काठावर बसून लिहितेय असं कुणाला वाटायला नको. बाहेरच्या लोखंडी जिन्याने आपण सहाजण त्या बंगल्याच्या गच्चीवर चढलो, बोल्ट कटरने साखळी तोडली, काळूला माझ्याच सोलापुरी चादरीत गुंडाळून खाली आणलं आणि पंधरा मिनिटांच्या आत गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली. त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदामुळे.

आज सव्वादोन महिन्यांनी हिशेब मांडला तर चित्र उलटं आहे. मालकाने आपल्याविरुद्ध चोरी आणि घरात घुसल्याची तक्रार दिली आहे, आणि आपल्यातली तीन मुलं कॉलेज, नोकरी सांभाळून चौकीच्या खेपा घालतायत. मालकाविरुद्ध मात्र माझ्या नावावरची एप्रिलमधली एक एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), बस. काळू पौडच्या पुढे एका शेतघरात आहे. ज्यांनी साखळी तोडली ते म्हणतात, उपचार करणाऱ्यांनी कुत्रा बळकावला. उपचार करणारे म्हणतात, साखळी तोडणाऱ्यांनी वर्गणी बळकावली. दोघांच्याही स्टोऱ्या मी रोज बघते. त्यात मालकाचं नाव हल्ली येतच नाही.

बंद दाराआडही बोलून पाहिलं. दोन्ही ॲडमिनना फोन केले. एकीने मला ‘काकू, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात ते आधी सांगा’ असं विचारलं, दुसऱ्याने फोन म्यूटवर टाकला. म्हणून हे खुलं पत्र.

आधी नावाचं बघू. तुमच्यातले अर्धे त्याला ‘मिरॅकल’ म्हणतात. मालकाच्या तक्रारीत तो ‘सुलतान’ आहे. मी काळू म्हणते, कारण आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका दोन वर्षं त्याला याच नावाने हाक मारत होते आणि याच हाकेला त्याची शेपटी हलायची. तुम्हाला ही म्हातारीची भावनिक बडबड वाटेल, पण प्रश्न कोरडा आहे. डॉक्टरांच्या बिलावर ‘मिरॅकल, काळा लॅब्राडोर, नर’ एवढंच आहे. मालकाचा कुत्रा ‘सुलतान’. हे दोन्ही एकच जनावर आहे हे कोर्टात कोण सांगणार, कशावरून? ओळख पटवणारी चिप कातडीखाली बसवलेली नाही. महापालिकेचा परवाना मालकाने कधी काढलाच नाही. छातीवरचा पांढरा ठिपका आणि उजव्या कानाचा तुटका कोपरा एवढ्या दोनच खुणा, आणि त्या कुठल्याही कागदावर नाहीत.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली. व्हाउचर नसलेला खर्च मला पचत नाही, हे माझ्या घरच्यांनाही ठाऊक आहे. तसाच हा कागद नसलेला बचाव मला आता पचेनासा झालाय.

मी स्वतः काय केलं तेही लिहिते. फेब्रुवारीपासून रात्री त्याचं केकाटणं ऐकू यायचं. पहिले काही आठवडे मी उठून खिडकी लावून घेत होते. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पत्र्याचा एक तुकडा, त्याखाली दीड-दोन फुटांच्या साखळीला तो, आणि पाण्याचं घमेलं बहुतेक वेळा उपडं. मालकाचा मोठा मुलगा पीव्हीसीच्या पाइपाने मारायचा, हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोनदा डोळ्यांनी पाहिलं. तारीख लिहून ठेवली नाही. फोन हातात होता, फोटो काढला नाही. एकदा धीर करून बंगल्यात गेले, तर ‘कुत्रा आमचा आहे, तुमच्या दारात येऊन घाण करतो का?’ असं उत्तर मिळालं. तो कुत्रा मुळात मालकाच्या वडिलांचा. आजोबा होते तोवर संध्याकाळी त्याला घेऊन कालव्याच्या कडेने फिरायचे, मी कितीदा पाहिलंय. ते गेले आणि कुत्रा गच्चीवर गेला. यात मालकाला माफी नाही. पण तो राक्षस आहे म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. घरात नकोशा झालेल्या जिवाचं जे होतं तेच झालं. त्यावर मुलाच्या हातात पाइप आला.

२४ एप्रिलला मी चौकीत गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, एनसी लिहिली, प्रत हातात दिली. मला वाटलं, टाळलं. तुम्हालाही तेच वाटलं, आणि ‘पोलीस काहीच करत नाहीत’ या एका वाक्यावर आपण ११ मेची रात्र ठरवली. नंतर भाचीच्या वकील मैत्रिणीकडून कायदा मागवून वाचला. १९६० चा, प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा. फार मोठा नाही, ४१ कलमं. मारणं, अवाजवी आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, हे सगळं कलम ११ मध्ये शब्दाशब्दाने आहे. जणू ती गच्ची बघूनच लिहिलंय. पण हे गुन्हे अदखलपात्र आहेत. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. म्हणजे एनसी देणं ही टाळाटाळ नव्हती, ती पहिली पायरी होती. दुसरी पायरी शिवाजीनगर कोर्टात होती आणि तिथे आपण गेलोच नाही.

त्याच कायद्यात कलम ३४ आहे. गुन्हा झालाय किंवा होतोय असं मानायला कारण असेल, तर शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कुठलाही पोलीस अधिकारी ते जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमोर हजर करू शकतो. हे मी चौकीत लेखी मागायला हवं होतं. मला माहीत नव्हतं. तुम्हा वीस-बावीस जणांपैकी, ज्यांच्या प्रोफाइलवर ‘ॲनिमल राइट्स’ लिहिलंय, एकालाही माहीत नव्हतं. तसं झालं असतं तर काळू गच्चीवरून दिवसाढवळ्या उतरला असता, पंचनामा झाला असता, साखळी मोजली गेली असती, गळ्यातल्या जखमेचा फोटो सरकारी कागदाला लागला असता. आज ती साखळी कुठे आहे? कटर मारल्यावर तुकडा तिथेच पडला. मालकाने भंगारात दिला असेल.

आता जखमेबद्दल. गळपट्ट्याखाली अळ्या पडल्या होत्या, तो वास मला अजून येतो. ज्यांनी रोज पौडला जाऊन ड्रेसिंग केलं, टिक फिव्हरच्या (गोचिडांमुळे येणाऱ्या तापाच्या) गोळ्या भरवल्या, पहिल्या आठवड्यात एकदम पोटभर न देता थोडं थोडं खाऊ घातलं, त्यांचे पाय धरावेत असं काम त्यांनी केलंय. हे मी भांडणातली बाजू म्हणून लिहीत नाही. पण उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून जखमेचा लेखी अहवाल घ्यावा, वजन लिहून घ्यावं, जखमेशेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, हे कुणालाच सुचलं नाही. औंधला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तिथेही कुणी नेलं नाही. बिलात लिहिलंय ‘वूंड ड्रेसिंग’. आता तिथे केस आलेत. जखम भरली आणि तिच्याबरोबर पुरावाही भरून आला.

पुढचा डावा पाय तो अजून टेकवताना अडखळतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता, जुना मोडलेला सांधा आहे असं म्हणाले होते, हे मी कानाने ऐकलंय. फिल्म कुणाकडे आहे? हे महत्त्वाचं आहे, कारण भारतीय न्याय संहितेत कलम ३२५ आहे. प्राण्याला मारून टाकणं, विष देणं, अपंग करणं, निकामी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. ते इथे लागू होतं की नाही हे वकील सांगतील. पण फिल्मच नसेल तर त्यांना विचारायचं तरी काय?

‘पन्नास रुपये दंडासाठी कोण कोर्टात जाणार?’ असं तुमच्यातल्या एकाने ग्रुपवर लिहिलं होतं आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. खरं आहे, कलम ११ ला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. कित्येक दशकं तो तसाच आहे. पाट्यांवरून कुणालाही सोलून काढणाऱ्या या शहरात त्यावर काय बोलायचं! पण आपल्याला त्या पन्नास रुपयांशी काय करायचंय? आपल्याला कलम २९ हवंय. मालक दोषी ठरला तर जनावराची मालकी त्याच्याकडून काढून घेण्याचा, इतकंच नाही, पुढे ठरावीक काळ किंवा कायमचं त्याने प्राणी पाळूच नये असा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अट अशी, की मालकाकडे परत गेलं तर त्या जनावराचे पुन्हा हाल होण्याची शक्यता आहे, हे पुराव्याने दिसलं पाहिजे. पुन्हा पुरावा.

आणि ज्यांना वाटतं की मालक काळूला मागूच शकत नाही, त्यांनी हे वाचावं. खटला चालू असताना जनावर कुणाकडे राहावं यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका पांजरपोळाच्या, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, प्रकरणात निकाल दिलाय. (पांजरपोळ म्हटलं की आपल्याला भोसरीचा चौक आठवतो, पण हे प्रकरण गुजरातचं.) मालकाला ते परत मिळण्याचा हक्क सरसकट नाही आणि पांजरपोळालाही नाही, ते दंडाधिकाऱ्याने ठरवायचं. कशावरून? गुन्हा किती गंभीर, मालक आधी दोषी ठरलाय का, तपासणीच्या वेळी जनावर कुठल्या अवस्थेत होतं, परत दिलं तर पुन्हा तसंच होईल का. २०१७ च्या नियमांनुसार खटल्यातलं जनावर मान्यताप्राप्त प्राणी संस्थेकडे ठेवता येतं आणि तिथला खर्च मालकाकडून घेता येतो. म्हणजे आपण ज्या वर्गणीवरून एकमेकांची लक्तरं काढतोय, तो खर्च कायद्याने मालकाच्या माथी बसला असता!

वर्गणीचं बोलतेच. दोन वेगवेगळ्या यूपीआय नंबरांवर पैसे आले. मी स्वतः दोन हजार एकावर आणि एक हजार दुसऱ्यावर टाकले, कारण तेव्हा दोन ग्रुप आहेत हे माहीत नव्हतं. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही आणि म्हणणाऱ्यांनी एक तरी पावती दाखवावी. पण ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हे हिशेबाचं उत्तर नाही. एका वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. एका संध्याकाळचं काम आहे. मी करून देते, दोघांनी बँकेचं स्टेटमेंट आणा.

आता जे लिहायला जड जातंय ते.

व्हिडिओबरोबर मालकाचं नाव, गल्ली, गाडीचा नंबर फिरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो फिरला, खाली ‘हिलाही साखळीने बांधा’ अशा अर्थाच्या कॉमेंट. तो फोटो कुणी टाकला मला माहीत आहे, इथे लिहिणार नाही. ती मुलगी नववीत आहे. मार्चमध्ये भाजीवाल्याच्या गाडीपाशी तिनेच माझा हात धरून विचारलं होतं, ‘काकू, त्याला कुणाला तरी देऊन टाका ना. दादाला सांगू नका मी बोलले म्हणून.’ तोवर मी खिडकी लावत होते. तिच्यामुळे मी उघडली. ती आपली पहिली साक्षीदार होती, आणि आपण तिचा फोटो अर्ध्या पुण्याच्या हातात दिला. महिनाभर ती क्लासला गेली नाही. आता ती माझ्याकडे बघत नाही, रस्ता ओलांडते. ज्यांच्या फोनमध्ये, पेजवर तो फोटो अजून आहे त्यांनी हे वाचून झाल्या झाल्या काढावा. यावर चर्चा नको.

दत्तक देण्यावरूनही दोन फळ्या पडल्यात. बाणेरचं एक कुटुंब घर दाखवून मोकळं झालंय, दुसऱ्या ग्रुपने औंधच्या कुणाला शब्द दिलाय. कोर्टात प्रकरण असताना दोघांनाही द्यायचा अधिकार नाही, हे दोघांनी समजून घ्या. आणि एक शंका मनातून जात नाही. काळूसाठी सतराजणांनी विचारणा केली असं तुम्हीच सांगता. आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात रिक्षाखाली पाय गेलेली एक गावठी कुत्री होती. तिच्यासाठी किती आले? ती अजून किराणा दुकानाच्या पायरीवर तीन पायांनी बसलेली असते आणि तिला पोळी घालणाऱ्या आजींना सोसायटीत रोज शिव्या बसतात. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

आता तारीख. याच कायद्याचं कलम ३६ सांगतं, की गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. काळू साखळीला होता तो शेवटचा दिवस ११ मे. तो दिवसही मोजला तर १० ऑगस्ट. १० ला रविवार, ९ ला दुसरा शनिवार. सुटी आली तर पुढच्या दिवशी दाखल करून घेतात असं वकील बाई म्हणतात, पण शेवटच्या दिवशी काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकांचे चेहरे मी एकतीस वर्षं बघितलेत. माझ्या लेखी मुदत ८ ऑगस्टला संपते. आज २२ जुलै. सतरा दिवस उरलेत. सव्वादोन महिने आपण मिरॅकल कुणाचा यावर घालवले. सतरा दिवस असेच गेले तर कोर्टासमोर एकच तक्रार उरेल, मालकाची. त्यात आपण चोर आणि काळू मुद्देमाल.

वकील बाई फी घेणार नाहीत. खासगी फिर्याद माझ्या नावाने दाखल करायची, असं ठरलंय. गच्चीवर गेलो ते लपवायचं नाही, जे घडलं ते तसंच सांगायचं. चूक म्हणून जी काही शिक्षा असेल ती बघू.

येत्या रविवारी, २७ तारखेला, सकाळी दहाला माझ्या घरी या. पत्ता दोन्ही ॲडमिनकडे आहे. हॉलमध्ये बाराजण बसतात, उरलेले गॅलरीत. व्हिडिओ ज्याच्या फोनवर काढला त्याने तोच फोन आणावा. गाणं लावलेला, कापलेला, चार ठिकाणांहून फिरून आलेला व्हिडिओ उपयोगाचा नाही. मूळ फाइल आणि नव्या साक्ष कायद्यातल्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरांची सगळी बिलं, एक्स-रेची फिल्म, पहिल्या दिवसाचे फोटो, औषधांच्या पावत्या आणा. पौडच्या मंडळींनी काळूचं आजचं वजन करून आणावं, छातीचा ठिपका आणि कान दिसेल असा फोटो काढावा. भांडायचं असेल तर बारानंतर भांडा, मी पोहे केलेले असतील.

एक वस्तू मी आणणार आहे. काळूच्या ओरडण्याने झोपमोड होते म्हणून आमच्या बी विंगमधले लोक रात्री गेटवर फोन करायचे. वॉचमनकाका प्रत्येक फोन तक्रारवहीत मांडायचे, कारण सेक्रेटरींची तशी ताकीद होती. परवा ती वही मी चाळली. ‘१८ मार्च, रात्री ११.४०, बी ३०२ चा फोन, बंगल्यातला कुत्रा ओरडतो. जाऊन पाहिले, पोरगा पाइपने मारत होता.’ अशा एकवीस नोंदी आहेत, तारीख-वेळेसकट, शाईच्या पेनाने. दोन नोंदींपुढे ‘भिंतीवरून नळी टाकून पाणी दिले’ असंही लिहिलंय. काका निलंग्याकडचे, खंडोबाचं जनावर म्हणतात त्याला. सव्वादोन महिन्यांत आपल्यापैकी कुणी त्यांना एक प्रश्न विचारला नाही. व्हिडिओत गेट उघडून देणारा माणूस म्हणून त्यांची पाठ तेवढी दिसते.

वही घेऊन ते येतायत. शनिवारची रात्रपाळी करून थेट येतील, तेव्हा त्यांना आधी चहा द्या, मग बोलायला लावा.

आपली,
तुमच्यातलीच टॉर्चवाली काकू